टोपीवाल्यांच्या रस्त्यावरचं सोनं

इस्तंबूलच्या झाकलेल्या बाजारात, कापालीचार्शीत, नुरुओस्मानिये दरवाजातून शिरलं की समोर लांबच लांब सरळ रस्ता लागतो. त्याचं नाव काल्पाक्चिलार. काल्पाक ही केसाळ कातड्याची उंच टोपी, आणि हा ती टोपी करणाऱ्यांचा रस्ता. आज तिथे टोपी करणारा कुणी उरलेला नाही. दोन्ही बाजूंना सोन्याची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत आणि काचेमागे बावीस कॅरेटच्या बांगड्यांच्या चळती लागल्या आहेत. फेसचिलेर ही फेझ टोपीवाल्यांची गल्ली. १९२५ साली मुस्तफा केमाल यांच्या सरकारनं कायदा करून फेझ बंद केली आणि तो धंदाच उठला. याअलिकचिलार रुमालवाल्यांची, तेर्लिकचिलेर सपाता करणाऱ्यांची, क्युर्कचुलेर फरवाल्यांची. पाट्या जागच्या जागी आहेत, माल मात्र बदलला आहे.

आपल्याकडच्या बहुतेक सहलींत या बाजाराच्या वाट्याला जेमतेम तासभर येतो. गाईड एका दरवाजाशी सोडतो, त्याच दरवाजाशी पुन्हा गोळा व्हायला सांगतो, आणि मधल्या वेळात काचेचे निळे डोळे, चुंबकं, लोकुम मिठाईचे डबे आणि एखादा मोझाइक दिवा अशी खरेदी उरकते. त्यात वाईट काही नाही. पण साठाहून अधिक गल्ल्या आणि हजारो दुकानं असलेला, साडेपाचशे वर्षांहून अधिक काळ चालू असलेला बाजार तेवढ्यात कळत नाही. मी तुर्कस्तानातले जुने बाजार हिंडलो ते एका प्रश्नाच्या मागे: इथे अजून काय बनतं? विकलं सगळंच जातं. बनतं काय, कुठे, आणि कुणाच्या हातून?

बाजाराच्या पोटात सगळ्यात जुनी वास्तू आहे जवाहिर बेदेस्तेन. ऑटोमन सुलतान मेहमेद दुसरा याने १४५३ साली शहर जिंकलं तेव्हा ते निम्मं ओस पडलेलं होतं. माणसं परत यायची तर पोटापाण्याची सोय हवी, म्हणून त्यानं दोन-तीन वर्षांतच हे दगडी व्यापारघर बांधायला घेतलं. आठ जाडजूड खांब, वर पंधरा घुमट, चार दिशांना चार दरवाजे. पुढे शेजारी सँदाल बेदेस्तेन उभं राहिलं, वीस घुमटांचं. बुर्साला विणल्या जाणाऱ्या सँदाल नावाच्या कापडावरून त्याला ते नाव पडलं. या दोन तिजोऱ्यांभोवती लाकडी दुकानांच्या गल्ल्या वाढत गेल्या, जळत गेल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, आणि हळूहळू त्यांच्यावर छप्पर आलं.

तिजोरी हा शब्द मी नुसता शोभेला वापरलेला नाही. बेदेस्तेन रात्री बंद व्हायचं, आत नेमलेले पहारेकरी असायचे, आणि शहरातले सधन लोक आपली रोकड, दागिने, दस्तऐवज तिथे ठेवायला देत. १५९१ साली तिथून तीस हजार सोन्याची नाणी चोरीला गेल्याची हकीकत सांगतात. सगळं शहर हादरलं, बाजार दोन आठवडे बंद राहिला, लोकांना धरून छळ झाला, आणि शेवटी पैसा सापडला तो तिथल्याच चटईखाली. चोर निघाला कस्तुरी विकणारा एक तरुण. चोरी एवढी गाजली याचं कारण उघड आहे. त्या दारावरचा विश्वास हाच या बाजाराचा पाया होता.

दुसरी गोष्ट भाड्याची. बेदेस्तेनचं उत्पन्न मेहमेदनं आयासोफिया मशिदीच्या वक्फला लावून दिलं होतं. आपल्याकडे देवळाच्या दिवाबत्तीला गाव इनाम देत, तसा हा बंदोबस्त. दुकानदारानं भरलेल्या भाड्यातून मशिदीचा खर्च, मदरशाचे पगार, दवाखाना, गोरगरिबांसाठी चालवलेलं लंगर असं सगळं भागायचं. तुर्कस्तानातला कुठलाही जुना बाजार पाहा, जवळपास एक मोठी मशीद असतेच, आणि बहुतेक वेळा बाजार बांधला गेला तो तिच्या खर्चासाठी. म्हणून इथे बाजाराची वास्तू राजवाड्याइतकी मन लावून बांधलेली दिसते. घुमटाखालची दगडी कमान, वरून उतरणारा उजेड, हे सगळं गिऱ्हाइकासाठी होतंच. पण पुढची तीन-चारशे वर्षं भाडं येत राहावं हा त्यामागचा हिशेब होता.

सँदाल बेदेस्तेन मात्र पडत्या काळाची गोष्ट सांगतं. १८३८ साली ऑटोमन सरकारनं ब्रिटनशी व्यापारी करार केला आणि यंत्रावरचं स्वस्त कापड शहरात विनाअडथळा ओतलं गेलं. कापडाचे व्यापारी एकेक करून बसले. १९१४च्या सुमारास ती वास्तू नगरपालिकेनं घेऊन लिलावघर केली. १८९४च्या भूकंपानं बाजाराचा मोठा भाग पाडला, १९५४च्या आगीनं पुन्हा जाळला. आज छतावर जी रंगीत नक्षी दिसते ती बरीचशी दुरुस्त्यांनंतरची आहे. जुनं ते तसंच्या तसं बघायला मिळेल या अपेक्षेनं आलेल्याची निराशा होते. मला ती झाली नाही. जळून-पडून पुन्हा उभा राहतो तो बाजार; तसंच्या तसं राहतं ते संग्रहालय.

बनतं कुठे, याचं उत्तर रस्त्यावर नाही, हानमध्ये आहे. हान म्हणजे मधे चौक आणि भोवती दोन मजली खोल्या असलेली व्यापाऱ्यांची जुनी उताऱ्याची जागा. खाली माल आणि जनावरं, वर माणसं. झाकलेल्या बाजाराच्या कडेकडेनं असे कितीतरी हान आहेत, आणि पर्यटक त्यांच्या अरुंद दारांवरून पुढे निघून जातात. झिंजिर्ली हान सगळ्यांना आवडतो: गुलाबी रंग, मधे संगमरवरी कारंजं, भोवती गालिच्यांची दुकानं. फोटोला उत्तम. पण मी तास न् तास थांबलो तो कालजिलार हानमध्ये.

हा चांदीकामाचा हान. बाहेरून बघितलं तर भिंती काळवंडलेल्या, तारांची जाळी, जिन्यात काजळी. आत एका खोलीत भट्टी पेटलेली असते, मुशीत चांदी वितळत असते, कारागीर चिमट्यानं मूस उचलतो आणि पांढऱ्या प्रकाशासारखा तो रस साच्यात ओततो. ओततानाचे ते दोन-तीन क्षण खोलीत कुणी बोलत नाही. शेजारच्या खोलीत ओतीव तबकाच्या कडा कानशीनं घासत एक म्हातारे गृहस्थ बसलेले, मांडीवर चामड्याचा तुकडा, त्यात पडणारा कीस एका कणानंही वाया जाऊ नये म्हणून. सोनं-चांदी घडवणाऱ्या या कारखान्यांत जमिनीवरचा केरसुद्धा साठवतात, हात धुतलेलं पाणीसुद्धा. तो केर घेऊन त्यातून धातू काढणारे लोक वेगळे.

मराठी माणसाला हे कुणी समजावून सांगायला नको. आपल्याकडे सोनाराच्या दुकानातला केर घेऊन तो धुणारे झारेकरी होते आणि आहेत. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी टापूतली हजारो कुटुंबं गलाईच्या धंद्यासाठी देशभरातल्या सराफ बाजारांत पांगली आहेत. सोनं वितळवून शुद्ध करायचं हे काम ते पिढ्यान् पिढ्या करतात. कालजिलार हानच्या त्या खोलीत उभं राहिल्यावर मूस, भट्टी, तेजाबाचा नाकात जाणारा वास, भिंतींवरची काजळी, यातलं काहीच मला परकं वाटलं नाही. काम करणाऱ्याला तिथे "कोलाय गेल्सिन" म्हणतात, काम सोपं जावो अशा अर्थानं. एवढे दोन शब्द म्हटले की परक्या माणसालाही खोलीत उभं राहू देतात, आणि थोड्या वेळानं चहा येतो.

चहाचीही एक व्यवस्था आहे. प्रत्येक हानचा आपापला चहावाला असतो. तीन दांड्यांनी वर टांगलेला तबकडीसारखा ट्रे हातात झुलवत तो जिने चढतो-उतरतो आणि कमरेशी बारीक असलेले काचेचे पेले एक थेंब न सांडता पोचवतो. कारागिरांनी प्लॅस्टिकची टोकनं आधीच विकत घेतलेली असतात. चहाच्या पेल्याला एक टोकन. पर्यटकांना देतात तो सफरचंदाचा चहा या खोल्यांत कुणी पीत नाही. इथे काळा, कडक, रिझेच्या डोंगरातला चहा. गंमत म्हणजे तुर्कस्तानात तिथे चहाची लागवड जम धरू लागली ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. त्याआधीची चार शतकं हा देश कॉफीचा होता.

सोन्याकडे पुन्हा यायला हवं, कारण कापालीचार्शीचा खरा धंदा तोच आहे. देशभरातले सराफ सोन्याचा भाव सांगताना कापालीचार्शीच्या भावाचा हवाला देतात. बाजाराच्या एका भागात फोन कानाला लावून उभ्याउभ्या सोनं आणि चलन यांचे सौदे करणारी माणसं दिसतात. ओरडा एवढा की नवख्याला भांडण चालल्यासारखं वाटावं. त्याला चालता शेअरबाजार म्हणतात. तुर्की लग्नात नवरानवरीच्या अंगावर लाल फितीत अडकवून सोन्याची नाणी टाचतात. त्यातलं सगळ्यात खपाचं नाणं म्हणजे चेयरेक, पावनाणं, पावणेदोन ग्रॅमचं. २०२२च्या ऑक्टोबरात तिथली महागाई सरकारी आकड्यांनुसारच ८५ टक्क्यांवर गेली होती. हातातली लिरा विरघळत असताना लोकांनी पूर्वापार चालत आलेलाच उपाय धरला. काल्पाक्चिलारवर सकाळी थांबलं तर पर्यटकांपेक्षा लग्नाच्या खरेदीला आलेली कुटुंबं जास्त दिसतात: सासू, आई, नवरी, आणि मागे पैशाचं पाकीट सांभाळत एखादा मामा. या बाजाराला पर्यटकांचा बाजार म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे कुटुंब बघावं.

सकाळी जाण्याचं आणखी एक कारण आहे. दिवसाच्या पहिल्या विक्रीला तिथे सिफ्ताह म्हणतात, आपली भवानी. पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे हातात आले की काही जुने दुकानदार ते हनुवटीला किंवा दाढीला लावतात, आणि भवानी तुझ्याकडून, बरकत अल्लाकडून अशा अर्थाचं वाक्य म्हणतात. अनातोलियात मध्ययुगात अही नावाचे कारागिरांचे संघ होते. धंद्याची नीतीही तेच शिकवत. त्यांच्या काळातली एक रीत अजून सांगतात: स्वतःची भवानी झाली असेल आणि शेजाऱ्याची झाली नसेल, तर पुढचं गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे पाठवायचं. आज सगळेच असं वागतात असं नाही, पण एका चांदीच्या दुकानात मी बघितलेली वाटी आवडली नाही तेव्हा दुकानदारानंच हात धरून मला पलीकडच्या दुकानात नेलं आणि स्वतः परत गेला. त्यात कमिशन असेलही. पण मला तसं वाटलं नाही.

घासाघीस करायची का? करायची. पण निम्म्यापासून सुरुवात करा वगैरे जे सर्रास सांगितलं जातं ते मला पटत नाही. सोन्याला त्या दिवसाचा भाव असतो, घासाघीस होते ती घडणावळीवर. खाण्याच्या वस्तूंना आता बहुतेक ठिकाणी भावाची चिठ्ठी असते. गालिचा, जुनी तांब्याची भांडी, हाताची चांदी यात मात्र बोलणं होतंच. तिथली एक साधी मर्यादा पाळावी: घ्यायचंच नसेल तर आकडा बोलू नये. आपण सांगितलेल्या आकड्याला दुकानदार हो म्हणाला आणि आपण उठून गेलो, तर तो त्यांच्या लेखी उद्धटपणा आहे, आणि तो राग मला रास्त वाटतो.

झाकलेल्या बाजारातून उतारावर एमिनोन्यूच्या धक्क्याकडे निघालं की महमूतपाशा रस्त्याची गर्दी लागते. स्वस्त कपडे, सुंतेच्या समारंभात मुलांना घालायचे चमचमते पोशाख, परकर, पडदे. इथे स्थानिक बायका खरेदी करतात आणि रेटारेटीत पर्यटकाला कुणी विचारत नाही. याच उतारावर दोन बायकांची दोन बांधकामं आहेत. ब्युयुक वालिदे हान बांधला राजमाता क्योसेम सुलताननं, १६५१च्या आसपास. तीन चौकांचा, शहरातला सगळ्यात मोठ्यांपैकी एक. इराणी व्यापारी तिथे उतरत आणि त्यांची मशीद आतच होती. त्याच १६५१ साली राजवाड्यातल्या सत्तेच्या झगड्यात क्योसेमचा खून झाला, आणि सत्ता गेली तिच्या सुनेकडे, तुरहान सुलतानकडे. तुरहाननं पुढच्या दशकात धक्क्याजवळची अर्धवट पडलेली नवी मशीद पुरी केली आणि तिच्या खर्चासाठी शेजारी बाजार बांधला. तोच मसाल्यांचा बाजार, मिसिर चार्शिसी. सासूचा हान आज पडझडीला आला आहे, सुनेचा बाजार झगमगतो आहे.

काटकोनात वळलेली ही दगडी इमारत इजिप्तच्या प्रांतातून येणाऱ्या महसुलातून उभी राहिली, म्हणून ती इजिप्तची. मसालाही तिकडूनच यायचा. मलबारची मिरी, मोलुकाची लवंग आणि जायफळ अरबी समुद्र ओलांडून तांबड्या समुद्रात, तिथून कैरो, अलेक्झांड्रिया आणि मग इस्तंबूल. आपल्या दाभोळ आणि चौल या बंदरांतून तांबड्या समुद्राकडे जहाजं जात, ती याच वाटेवर. ही वाट तोडायची म्हणून पोर्तुगीज आले आणि १५०८ साली चौलच्या समोर इजिप्तच्या आरमाराशी लढले. ती राखायची म्हणून १५३८ साली ऑटोमन आरमार थेट दीवपर्यंत आलं. बाजार बांधला गेला त्या १६६०च्या दशकात मात्र लवंग-जायफळाचा बराचसा व्यापार डचांच्या हातात गेला होता, आणि कैरोचे व्यापारी येमेनच्या कॉफीकडे वळले होते. म्हणजे मसाल्याचा सगळ्यात सुंदर बाजार उभा राहिला तो मसाल्याची वाट आटत असताना.

आज तिथे ढिगांचे सुळके रचून मसाले मांडतात. फोटो सुरेख येतात. पण उघड्यावर, दिव्यांखाली ठेवलेल्या मसाल्याचा वास उडालेला असतो, हे आपल्या घरातल्या कुणालाही माहीत आहे. घ्यायचं ते मागच्या बरणीतलं मागून घ्यावं. सुमाक घ्यावा, आंबट आणि गडद. त्यात मीठ किती मिसळलंय ते जिभेवर ठेवून बघावं. उर्फाकडची इसोत मिरची घ्यावी: दिवसा उन्हात वाळवून रात्री झाकून घाम फुटू दिलेली, जवळजवळ काळी, तेलकट, धुरकट चवीची. आपल्या कुठल्याही तिखटात ही चव नाही.

आणि केशर. "तुर्की केशर" म्हणून तिथे ढिगानं आणि स्वस्तात जे विकतात त्या करडईच्या पाकळ्या आहेत. होय, सोलापूर-मराठवाड्याकडची तीच करडई. खरं केशर ग्रॅमवर मिळतं, त्याच्या काडीचं एक टोक तुतारीसारखं पसरट असतं, आणि पाण्यात टाकलं तर रंग सावकाश सुटतो व काडी लाल राहते. करडईची पाकळी मऊ, चुरगळलेली, आणि वासाला जवळजवळ काही नाही. पण एक सांगायला हवं: दक्षिण-पूर्व अनातोलियात करडईच्या पाकळ्या, हास्पिर, दह्याच्या सारावर रंगासाठी रोज टाकतात. त्यांच्या स्वयंपाकघरात तो अस्सल जिन्नस आहे. फसवणूक होते ती नाव बदलून विकताना. सफ्रानबोलूला खरं केशर पिकतं, पण फार थोडं. ते अशा ढिगात कधी दिसणार नाही.

बाजाराला लागून असलेल्या ताहमिस गल्लीत कुरुकाहवेजी मेहमेत एफेंदीचं दुकान आहे, १८७१ पासूनचं. खिडकीपुढे रांग, आत भाजलेल्या कॉफीचं दळण, आणि हात इतक्या झपाझप पुड्या बांधतात की बघत राहावं. त्या रांगेत शहरातलीच माणसं असतात.

आता गालिचा. यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण यात सगळ्यात जास्त फसायला होतं आणि सगळ्यात जास्त शिकायलाही मिळतं. दुकानात बसवतात, चहा येतो, आणि मग एकामागून एक गालिचे समोर फेकले जातात. फेकण्याची कला असते. गालिचा हवेतच फिरतो आणि जमिनीवर पडताना रंग बदलतो, कारण लव एका बाजूनं उजळ आणि दुसऱ्या बाजूनं गडद दिसते. वीस-पंचवीस गालिचे अंथरून झाले की आपल्यालाच ओशाळं वाटतं आणि काहीतरी घ्यावंसं वाटू लागतं. तसं वाटू देऊ नये. अंथरणं हे त्यांचं काम आहे आणि ते ते आनंदानं करतात.

पुढचं विसरून गालिच्याची पाठ बघावी. हाताच्या गालिच्यात पाठीवर प्रत्येक गाठ स्वतंत्र दिसते, नक्षी पुढच्याइतकीच स्पष्ट असते, आणि ओळी जरा वाकड्यातिकड्या असतात. झालर नंतर शिवलेली असेल तर गालिचा यंत्रावरचा; हाताच्या गालिच्यात झालर म्हणजे ताण्याचीच टोकं. तुर्की गाठ दोन ताण्यांना सारखी वेढा घालते, त्यामुळे गालिचा दणकट होतो. हेरेके गावच्या रेशमी गालिच्यात एका चौरस सेंटिमीटरला शंभरच्या आसपास गाठी असतात. खेड्यातल्या लोकरीच्या गालिच्यात त्याच्या कितीतरी कमी. पण गाठी जास्त म्हणजे गालिचा चांगला, हे समीकरण खोटं आहे. अनातोलियातल्या खेड्यांत बायकांनी आठवणीतून विणलेला, रंग मधेच जरासा बदललेला ढोबळ गालिचा मला दरबारी हेरेकेपेक्षा कितीतरी जास्त बोलका वाटतो.

तो मधेच बदललेला रंग ही खूण आहे. लोकर थोडीथोडी, वेगवेगळ्या वेळी रंगवली की असं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक रंग आले आणि शंभर वर्षांत मुळांपासून रंग काढण्याची विद्या खेड्यांतून जवळजवळ पुसली गेली. हाराल्ड ब्योमर नावाच्या जर्मन रसायनशास्त्र शिक्षकानं जुन्या गालिच्यांतले रंग तपासून कुठला रंग कुठल्या वनस्पतीचा हे शोधून काढलं. त्यातून १९८१ साली मारमारा विद्यापीठाच्या मदतीनं चनाक्कालेकडच्या आयवाजिकच्या खेड्यांत दोबाग नावाचा उपक्रम सुरू झाला. लाल रंग आपल्या मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतून, निळा निळीतून, पिवळा रानफुलांतून. विणणाऱ्या बायकांची सहकारी संस्था झाली आणि पैसा त्यांच्या हातात येऊ लागला. एका माणसानं प्रयोगशाळेत बसून हरवलेली विद्या परत तिच्या मालकिणींच्या हाती दिली. मला ही गोष्ट सबंध गालिचा-व्यापारापेक्षा मोठी वाटते.

दुकानात ओला पांढरा रुमाल लाल भागावर घासून पाहा. रंग लागला तर उठा. नवा गालिचा रसायनात धुऊन जुना करतात, तेव्हा गाठीच्या तळाशी आणि टोकाशी रंग किती वेगळा आहे तेही लव फाकवून बघावं. बाजारात इतर देशांत विणलेले गालिचेही तुर्की म्हणून असतात. कुठल्या गावाचा, हे विचारलं की दुकानदाराच्या उत्तराच्या लांबीवरून बरंच कळतं. आणि खरोखर जुना गालिचा, जुनं नाणं, जुना दगड यांच्या नादी लागू नये. पुरातन वस्तू देशाबाहेर नेणं तिथे गुन्हा आहे. जुनाट दिसणाऱ्या गालिच्यासाठी बिल आणि संग्रहालयाचा दाखला दुकानदाराकडूनच घ्यावा.

बुर्सा इस्तंबूलहून एका दिवसात होतं. तिथला कोझा हान १४९१चा, सुलतान बायझिद दुसरा यानं इस्तंबूलमधल्या आपल्या मशिदीच्या खर्चासाठी बांधलेला. चौकात झाडं, मधे खांबांवर उचललेली चिमुकली मशीद, भोवती दोन मजले दुकानं. पूर्वी उन्हाळ्याच्या सुरुवातीला हा चौक रेशमाच्या कोषांनी भरायचा. एकोणिसाव्या शतकात अळ्यांवर रोग पडला, तेव्हा निरोगी बीज तयार करायला शिकवण्यासाठी १८८८ साली शहरात शाळा काढावी लागली. आता कोष फारसे येत नाहीत, दुकानांत रुमाल आणि ओढण्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच नुसत्या रेशमासारख्या आहेत. दोरा जाळून दाखवा म्हटलं तर खरा दुकानदार चिडत नाही. चौकात बसून चहा पिण्यासाठी मात्र मला तुर्कस्तानात याहून चांगली जागा सापडली नाही.

"काय बनतं" याचं सगळ्यात भरभरून उत्तर मिळालं ते गाझियांतेपमध्ये. इथे सीरियाची सीमा जवळ, पिस्ते सगळीकडे, आणि बकलावा असा की युरोपीय संघानं २०१३ साली त्याला भौगोलिक नावाचं संरक्षण दिलं; तुर्कस्तानच्या जिन्नसांत पहिलं. बाजारात पोकळ करून वाळवलेली वांगी आणि मिरच्या माळांसारख्या टांगलेल्या असतात, हिवाळ्यात भरून शिजवायला. आणि बाकिरजिलार, तांबटांचा बाजार, लांबूनच ऐकू येतो. इथे गल्लीचं नाव आणि गल्लीतलं काम अजून एकच आहे.

दुकानाच्या उंबऱ्यावर बसून कारागीर पत्रा ठोकतात. एका ठिकाणी तांब्याच्या सुरईवर नक्षी चालली होती: डाव्या हातात पोलादी टोचा, उजव्या हातात छोटा हातोडा, आणि रेषा आधी आखलेली नाही. ठोक्यांची लय एकदा लागली की कारागीर भांडं फिरवतो, टोचा जागचा हलत नाही. सुरईच्या आत डांबरासारखं काळं काहीतरी ओतून घट्ट भरलं होतं, पत्रा आत दबू नये म्हणून. नक्षी झाली की ते वितळवून काढून टाकतात.

दोन दुकानं सोडून कल्हई. भांडं विस्तवावर तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, कथलाची कांडी फिरवली, आणि कापसाच्या बोळ्यानं एका फेरीत तांबडं भांडं आतून चांदीसारखं झालं. हे सगळं मी लहानपणी वाड्याच्या अंगणात बघितलं होतं, तो धूर, तो वास, सगळं तेच. मी खुणेनंच सांगितलं की आमच्याकडेही असंच करतात. कारागिरानं बोळा माझ्या हातात देऊ केला. मी तो घेतला नाही; गरम भांड्यावर हात चालवणं हे बघ्याचं काम नव्हे. मग त्यानं मला भांड्यांतला फरक शिकवला. शोभेची भांडी पातळ पत्र्याची, आतून लाखेसारखं काही चोपडलेली; त्यात शिजवायचं नाही. स्वयंपाकाचं भांडं जड असतं, तळाला हातोडीचे ठोके दिसतात आणि आतून कल्हई असते. पर्यटकांना बहुतेक पहिली विकली जातात.

६ फेब्रुवारी २०२३ची पहाट या सगळ्या टापूवर कोसळली. ७.८ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का, त्याच दुपारी ७.५चा दुसरा; एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली. गाझियांतेपच्या किल्ल्याचे बुरूज ढासळले, पण खालचा तांबटबाजार पुन्हा लवकर सुरू होऊ शकला. अंताक्या शहराचं नशीब तसं नव्हतं. तिथला उझुन चार्शी, शेकडो वर्षांचा लांब बाजार, बराचसा ढिगाऱ्यात गेला. उभ्या राहिलेल्या गाळ्यांत, आणि बाकीच्यांनी लोखंडी कंटेनरमध्ये, काही महिन्यांतच दुकानं मांडली: साबण, सुमाक, क्युनेफे या गोड पदार्थाच्या शेवया. दुरुस्तीचं काम दीर्घकाळ चालेल. त्या भागात जाणाऱ्यानं खरेदी तिथल्या दुकानातून करावी, इस्तंबूलला परत जाऊन तोच माल घेऊ नये, एवढं मी आवर्जून सांगेन.

मी गाझियांतेपहून आणलेलं पातेलं जड आहे, विमानात वजनाला महाग पडलं. दर काही वर्षांनी कल्हई उडेल, मग त्यात आंबट काही शिजवलं तर कळकेल. कारागिरानं हे बजावून सांगितलं होतं. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून ठोके ऐकू येतात. कल्हईवाल्याचा पत्ताही तिथेच मिळेल.